एका संगणकावर दोन सी लायब्ररी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीशेजारच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटर आहे आणि त्याला एक जुना संगणक जोडलेला आहे. भट्टीतून पळीने काढलेल्या धातूचा नमुना त्या यंत्रावर ठेवला की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचे प्रमाण पडद्यावर येते आणि त्यावरून भट्टीत आणखी काय टाकायचे ते ठरते. संगणकावर सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती आहे. त्या आवृत्तीची देखभाल ३० जून २०२४ रोजी थांबली, तरी ती बदलता येत नाही, कारण यंत्राच्या कार्डाचा ड्रायव्हर त्याच कर्नलसाठी, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यासाठी, बनवलेला आहे. या संगणकावर मिश्रधातूंचा हिशोब करणारा एक नवा प्रोग्राम बसवण्याचे काम माझ्याकडे आले. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर एकच ओळ उमटली: जीलिबसी २.२८ ही आवृत्ती सापडली नाही.

ही ओळ लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. तिचा अर्थ काय, ती कशामुळे येते आणि संपूर्ण यंत्रणेला हात न लावता एकाच प्रोग्रामला वेगळी सी लायब्ररी कशी देता येते, हे या लेखात सांगायचे आहे. हे करता येते, मात्र त्यातली एक अट अशी आहे की ती समजून न घेता पुढे गेले तर चालू असलेला संगणकही बंद पडतो, आणि म्हणून उपायाआधी आतली रचना समजून घेणे आवश्यक आहे.

कोणताही प्रोग्राम पडद्यावर अक्षर लिहितो, फाइल उघडतो, मेमरी मागतो किंवा घड्याळ पाहतो, तेव्हा ही कामे तो बहुतेक वेळा थेट कर्नलला सांगत नाही. मध्ये सी लायब्ररी असते. प्रिंटएफ, मॅलॉक, एफओपन अशी शेकडो फंक्शने तिच्यात तयार असतात आणि प्रोग्राम त्यांना नावाने हाक मारतो. सीमध्ये लिहिलेले प्रोग्राम तर तिच्यावर उभे असतातच, पण पायथनचा इंटरप्रिटर, डेटाबेस आणि ब्राउझरही शेवटी तिच्यावरच टेकलेले असतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, रेड हॅट यांच्यात ग्नू प्रकल्पाची जीलिबसी असते. अल्पाइन लिनक्समध्ये मसल नावाची लहान आणि नेटकी लायब्ररी असते, जिचे पहिले प्रकाशन रिच फेल्कर यांनी २०११ साली केले. अँड्रॉइडची बायोनिक तिसरीच. काम एकच, पण आतली बांधणी वेगवेगळी.

प्रोग्राम तयार होताना ही फंक्शने सहसा त्याच्या फाइलमध्ये उतरवली जात नाहीत. फाइलमध्ये फक्त एक टीप राहते की मला अमुक नावाची लायब्ररी लागेल आणि तिच्यातली अमुक फंक्शने लागतील. उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये ड्रॉइंग येते तेव्हा त्यात बोल्टचे चित्र तपशिलाने काढलेले नसते, माप लिहिलेले असते आणि बोल्ट बाजारातून आणायचा असतो. ही सोय मोठी आहे, कारण त्यामुळे शेकडो प्रोग्राम एकच लायब्ररी वाटून वापरतात आणि तिच्यातली चूक एका ठिकाणी दुरुस्त केली की सर्वांना तिचा लाभ होतो.

पण बोल्टचे आटे जुळावे लागतात. अर्ध्या इंचाच्या विटवर्थ बोल्टला एका इंचात १२ आटे असतात आणि त्याच अर्ध्या इंचाच्या अमेरिकन यूएनसी बोल्टला १३. व्यास सारखाच असल्यामुळे नट लावताना काही चुकते आहे असे वाटत नाही, एक-दोन फेरे तो सरळ जातो, आणि मग अडकतो. जोर लावला तर आटे मरतात. लायब्ररींचेही असेच आहे. फंक्शनचे नाव तेच, त्याला द्यायच्या गोष्टी त्याच, पण आतल्या रचनेची मापे, म्हणजे कोणत्या बाइटवर काय ठेवायचे हा तपशील वेगळा असेल, तर प्रोग्राम सुरू होतो, थोडे चालतो आणि मग कोसळतो. मूळ मजकुराच्या पातळीवर जुळणे आणि तयार झालेल्या फाइलच्या पातळीवर जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याला एपीआय म्हणतात आणि दुसऱ्याला एबीआय. या लेखातली प्रत्येक अडचण दुसऱ्या पातळीवरची आहे.

आता प्रोग्राम सुरू होतो त्या क्षणाकडे जवळून पाहू. तुम्ही नाव टाइप करून एंटर दाबता. कर्नल ती फाइल उघडतो आणि तिच्या सुरुवातीच्या भागात एक पत्ता शोधतो. हा पत्ता लायब्ररीचा नसतो, तो लोडरचा असतो. चौसष्ट बिटी इंटेल संगणकावर जीलिबसीचा लोडर लिब६४ या फोल्डरमध्ये एलडी-लिनक्स अशा नावाने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये राहतो आणि त्याचा संपूर्ण पत्ता प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलमध्ये अक्षरशः छापलेला असतो. कर्नल आधी त्या लोडरला मेमरीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. मग लोडर प्रोग्रामची टीप वाचतो, लागणाऱ्या लायब्ररी शोधतो, त्या मेमरीत बसवतो, प्रत्येक नावाची गाठ योग्य फंक्शनशी बांधतो, आणि त्यानंतरच तुमच्या मेन फंक्शनची पाळी येते.

छापलेला लोडर त्या पत्त्यावर नसेल तर फार गोंधळात टाकणारा प्रसंग घडतो. उबुंटूवर तयार केलेला प्रोग्राम अल्पाइनवर नेऊन चालवला, तर फाइल समोर दिसत असूनही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. नवखा माणूस फाइलच्या नावात चूक शोधत बसतो. सापडलेली नसते ती प्रोग्रामची फाइल नव्हे, तर तिच्यात छापलेला लोडर. कारण मसलचा लोडर वेगळ्या नावाने वेगळ्या जागी असतो.

जीलिबसीच्या मुख्य फाइलचे नाव लिबसी डॉट एसओ डॉट ६ असे आहे आणि लिनक्सवर ते १९९७ पासून बदललेले नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लायब्ररी बदलत राहिली, तरी नाव एकच राहिले. हे शक्य झाले ते सिम्बॉलच्या, म्हणजे लायब्ररीतल्या नावांच्या, आवृत्त्यांमुळे. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनच्या नावापुढे ते कोणत्या आवृत्तीत आले याची खूण असते, आणि एखाद्या फंक्शनची वागणूक बदलायची वेळ आली की जुने फंक्शन जुन्या खुणेसह तसेच ठेवून नवे फंक्शन नव्या खुणेसह शेजारी ठेवले जाते.

मेमसीपीवाय या फंक्शनची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. मेमरीतला एक तुकडा दुसरीकडे उतरवणे एवढेच त्याचे काम. दोन्ही तुकडे एकमेकांवर चढलेले नसावेत, असा सी भाषेचा नियम पहिल्यापासून आहे. चढलेले असतील तर मेममूव्ह वापरायचे. पण जुन्या मेमसीपीवायमध्ये नियम मोडला तरी बहुधा निभावून जात असे, त्यामुळे अनेकांनी तो नकळत मोडला होता. २०१० च्या सुमारास नव्या प्रोसेसरांसाठी मेमसीपीवाय अधिक वेगवान करण्यात आले, त्यात काही वेळा नक्कल शेवटाकडून सुरुवातीकडे होऊ लागली, आणि फेडोरा १४ वर अडोबीच्या फ्लॅश प्लेअरमधून आवाज फाटका येऊ लागला. नियम प्रोग्रामने मोडला होता, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने बिघाड लायब्ररी बदलल्यावर झाला होता. त्या तक्रारीवर लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनीही वापरणाऱ्यांची बाजू मांडली. २०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये तोडगा निघाला: जुन्या प्रोग्रामांना २.२.५ ही खूण असलेले, मेममूव्हसारखे सांभाळून वागणारे मेमसीपीवाय मिळत राहिले, आणि नव्याने लिंक होणाऱ्या, म्हणजे लायब्ररीशी जोडून तयार होणाऱ्या, प्रोग्रामांना २.१४ ही खूण असलेले वेगवान मेमसीपीवाय मिळू लागले. एकाच फाइलमध्ये, एकाच नावाची दोन फंक्शने. मला ही व्यवस्था फार आदरणीय वाटते, कारण तीत दुसऱ्याच्या जुन्या कामाची जबाबदारी मनापासून घेतलेली आहे.

मात्र ही व्यवस्था एकाच दिशेने चालते. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेल याची हमी नाही, कारण लिंकर आपल्यासमोर असलेल्या लायब्ररीतली प्रत्येक फंक्शनची सर्वांत नवी खूण उचलतो आणि जुन्या लायब्ररीत ती खूण नसते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.३४ मध्ये तर प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या मुळच्या फंक्शनलाच नवी खूण मिळाली. त्यामुळे उबुंटू २२.०४ वर, म्हणजे जीलिबसी २.३५ वर, ‘नमस्कार कोल्हापूर’ एवढेच लिहिणारा चार ओळींचा प्रोग्राम कंपाइल केला तरी तो २.३४ मागतो आणि सेंटओएस ७ च्या २.१७ वर उभा राहत नाही. त्या चार ओळींत नवे काहीच नसते.

आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे पाहण्याचा एक सुंदर मार्ग आहे. लिबसीची ती फाइल लायब्ररी असूनही प्रोग्रामसारखी चालवता येते. टर्मिनलमध्ये तिचा पूर्ण पत्ता लिहून एंटर दाबले की ती स्वतःची आवृत्ती सांगते. प्रोग्रामला काय हवे आहे हे ऑब्जडम्प या साधनाने कळते: मोठ्या टी या पर्यायासह ते चालवून आलेल्या यादीतून जीलिबसी असलेल्या ओळी गाळून घ्यायच्या आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा पाहायचा. आमच्या प्रोग्रामच्या यादीत बहुतेक ओळी २.२.५ आणि २.१४ च्या होत्या, २.२८ ची एकच होती. एका ओळीसाठी काम अडले होते.

अशा वेळी हात सर्वांत आधी जातो तो यंत्रणेची लायब्ररीच बदलण्याकडे. कृपा करून हे करू नका. मी अनेक वर्षांपूर्वी हे एकदा केले आहे, सुदैवाने चाचणीच्या संगणकावर. सेंटओएस ७ मध्ये लिबसी डॉट एसओ डॉट ६ ही खरी फाइल नसून २.१७ च्या खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिम्लिंक असते. ती मी नव्या फाइलकडे वळवली. त्यानंतर फाइलींची यादी दाखवणारी एलएस चालेना, नक्कल करणारी सीपी चालेना, दुसरा टर्मिनल उघडेना, आणि सिम्लिंक परत फिरवण्यासाठी लागणारी एलएन ही आज्ञाही चालेना, कारण तीही त्याच लायब्ररीवर अवलंबून होती. जो टर्मिनल आधीच उघडा होता, त्यातला शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, तेवढा जिवंत होता, कारण त्याची लायब्ररी आधीच मेमरीत आलेली होती. तो बंद केला असता तर यूएसबीवरून संगणक सुरू करण्याखेरीज मार्ग उरला नसता. या प्रसंगासाठी जीलिबसीच्या सोबत एसएलएन नावाचा एक छोटा प्रोग्राम येतो. तो एलएनचेच काम करतो, पण पूर्णपणे स्टॅटिक, म्हणजे लागणारी फंक्शने आपल्याच फाइलमध्ये उतरवलेला, असल्यामुळे त्याला कोणत्याही लायब्ररीची गरज पडत नाही. एसबिन फोल्डरमधल्या त्या प्रोग्रामने त्या दिवशी मला सोडवले. हा अपघात पूर्वी पुष्कळांना झाला असावा, म्हणूनच तो प्रोग्राम तेथे आहे, असे मला वाटते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. नवी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि एलडी लायब्ररी पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामांना बाहेरून मिळणाऱ्या नोंदीत, त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. इतर लायब्ररींसाठी तो योग्य आहे, सी लायब्ररीसाठी तो घातक आहे. कारण व्हेरिएबलने लायब्ररी बदलते, लोडर बदलत नाही. लोडरचा पत्ता तर फाइलमध्येच छापलेला आहे. आणि लोडर व लिबसी ही एकाच बांधणीची जोडी आहे. त्या दोघांमध्ये काही खासगी सिम्बॉल असतात, ज्यांना जीलिबसी प्रायव्हेट अशी खूण असते आणि जे एका आवृत्तीतून दुसरीत कोणतीही पूर्वसूचना न देता बदलतात. फाउंड्रीतल्या माणसाला हे एका वाक्यात कळते: साच्याच्या वरच्या आणि खालच्या पेटीच्या पिना एकमेकींसाठी बसवलेल्या असतात, वरची पेटी एका जोडीतली आणि खालची दुसऱ्या जोडीतली घेतली तर कास्टिंगचे दोन भाग सरकलेले निघतात. येथे जुना लोडर नव्या लिबसीकडे एखादा खासगी सिम्बॉल मागतो किंवा नवी लिबसी जुन्या लोडरकडे मागते, तो मिळत नाही आणि प्रोग्राम पहिल्या पावलालाच कोसळतो. शिवाय ते व्हेरिएबल एक्स्पोर्ट केले असेल तर त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक आज्ञेला ते लागू होते, त्यामुळे एलएससुद्धा पुन्हा बंद पडते.

सुरुवातीला जी अट म्हटली ती हीच. लोडर आणि लिबसी नेहमी जोडीने बदलायचे.

ही जोडी मिळवण्यासाठी जीलिबसीचा स्रोत, म्हणजे तिचा मूळ मजकूर, घेऊन ती वेगळ्या जागी, समजा ऑप्टच्या आत एका फोल्डरमध्ये, बांधता येते. बांधणी स्रोताच्या फोल्डरमध्ये न करता शेजारच्या रिकाम्या फोल्डरमध्ये करावी लागते, आणि कॉन्फिगर करताना प्रीफिक्स, म्हणजे बसवण्याची जागा, म्हणून आपला फोल्डर द्यावा लागतो. प्रीफिक्स पुन्हा पुन्हा तपासा. तो चुकून यंत्रणेचा यूएसआर राहिला आणि इन्स्टॉल केले, तर वर सांगितलेला पहिला अपघात ओढवतो. सेंटओएस ७ वर आणखी एक अडथळा आहे: २.२६ पासून पुढच्या जीलिबसीला जीसीसी हा कंपाइलर ४.९ किंवा नवा लागतो आणि तेथे ४.८.५ असतो, त्यामुळे आधी नवा कंपाइलर आणावा लागतो. कर्नलची मात्र अडचण नाही. २.२८ ला किमान लिनक्स ३.२ चालतो आणि सेंटओएस ७ मध्ये ३.१० आहे.

जोडी तयार झाली की सर्वांत सोपी चाचणी म्हणजे लोडरलाच हाताने हाक मारणे. नव्या लोडरचा पूर्ण पत्ता लिहायचा, मग लायब्ररी-पाथ हा पर्याय देऊन नवा फोल्डर सांगायचा आणि शेवटी आपल्या प्रोग्रामचे नाव लिहायचे. छापलेला पत्ता येथे वापरलाच जात नाही, त्यामुळे जोडी अखंड राहते. आणि ही निवड फक्त या एका प्रोग्रामपुरती असल्यामुळे तो ज्या इतर आज्ञा सुरू करतो त्या आपल्या जुन्या लायब्ररीवर सुखाने चालतात. उणीव एवढीच की कर्नलच्या लेखी चालू असलेला प्रोग्राम म्हणजे लोडर असतो. स्वतःच्या फाइलचा पत्ता चालू प्रोग्रामांची माहिती देणाऱ्या प्रॉक फोल्डरमधून शोधून शेजारच्या फाइली उघडणारे प्रोग्राम त्यामुळे चुकीच्या जागी पोहोचतात.

या टप्प्यावर बहुतेकांना दुसरी ओळ भेटते: लिबएसटीडीसीप्लसप्लस सापडली नाही. ती सी++ ची लायब्ररी आहे, ती जीसीसीसोबत येते आणि जीलिबसीच्या फोल्डरमध्ये नसते. वेगळ्या प्रीफिक्सने बांधलेला लोडर आपल्याच प्रीफिक्समधल्या फोल्डरांत शोधतो, यंत्रणेच्या लिब६४ कडे आपणहून जात नाही. म्हणून लायब्ररी-पाथमध्ये आधी नवा फोल्डर आणि त्यानंतर यंत्रणेचा फोल्डर, असा क्रम द्यावा लागतो. जुन्या लायब्ररी नव्या लिबसीवर चालतात, ही एका दिशेची हमी येथे उपयोगी पडते. पण सी++ च्या लायब्ररीच्या स्वतःच्याही खुणा असतात, आणि प्रोग्राम नव्या जीसीसीने बांधलेला असेल तर ती लायब्ररीही नवीच आणून नव्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते.

प्रोग्रामचा स्रोत आपल्याकडे असेल तर हे सारे लिंक करतानाच ठरवता येते. लिंकरला दोन पर्याय द्यायचे: डायनॅमिक-लिंकर या पर्यायाने नव्या लोडरचा पत्ता आणि आरपाथ या पर्यायाने लायब्ररीचा फोल्डर. मग तयार झालेली फाइल नेहमीसारखी नावाने चालते. फंक्शनांची वर्णने असलेल्या हेडर फाइली आणि प्रोग्रामची सुरुवात करून देणाऱ्या सीआरटी १, सीआरटीआय वगैरे छोट्या ऑब्जेक्ट फाइलीही त्याच नव्या जीलिबसीतून घ्याव्यात. नवी लिबसी आणि जुनी सीआरटी १ यांची सरमिसळ झाली की लिंकिंगच अडू शकते, विशेषतः २.३४ नंतर सीएसयू इनिट हा सिम्बॉल सापडत नाही अशी तक्रार आली तर कारण बहुधा हेच असते.

स्रोत नसेल, आमच्याकडे नव्हता, तर पॅचएल्फ हे साधन आहे. निक्सओएस या लिनक्स प्रकल्पाच्या मंडळींनी ते बनवले आहे, कारण त्यांच्या यंत्रणेत प्रत्येक प्रोग्रामला आपापल्या लायब्ररी वेगळ्या पत्त्यावर मिळतात. सेट-इंटरप्रिटर या पर्यायाने ते फाइलमधला लोडरचा छापील पत्ता बदलते आणि सेट-आरपाथ या पर्यायाने लायब्ररी शोधण्याचा मार्ग लिहिते. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून मगच हे करावे. दोन बारकावे येथे फार वेळ खातात. आरपाथमध्ये डॉलर ओरिजिन असे लिहून ‘प्रोग्राम जेथे आहे तेथून’ असा सापेक्ष पत्ता देता येतो. लोडरच्या पत्त्यात ते चालत नाही, कारण तो पत्ता वाचणारा कर्नल असतो आणि त्याला डॉलर ओरिजिन कळत नाही. म्हणजे फोल्डर हलवला की लोडरचा पत्ता नव्याने लिहिणे आले. दुसरा बारकावा असा की आरपाथ आणि रनपाथ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. रनपाथ फक्त प्रोग्रामला थेट लागणाऱ्या लायब्ररींसाठी पाहिला जातो, त्या लायब्ररींना पुढे लागणाऱ्या लायब्ररींसाठी नाही. आजकालची साधने बहुधा रनपाथच लिहितात, त्यामुळे पहिली लायब्ररी सापडते आणि तिची सोबतीण सापडत नाही. पॅचएल्फला फोर्स-आरपाथ सांगितले की हा प्रश्न सुटतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अक्षरे, तारखा आणि वर्णक्रम यांचे नियम लोकेलच्या फाइलींत असतात आणि वेगळ्या प्रीफिक्सची लिबसी त्या आपल्याच प्रीफिक्समध्ये शोधते. तेथे मराठीचे लोकेल तयार केलेले नसेल तर प्रोग्राम मुकाट्याने सी नावाच्या मूळ लोकेलवर उतरतो, ज्याला आस्की या इंग्रजी अक्षरसंचापलीकडची अक्षरे समजत नाहीत. आमच्याकडे हिशोब बरोबर येत होता, पण देवनागरीत लिहिलेली ग्राहकांची नावे छापील अहवालात प्रश्नचिन्हे होऊन येत होती. नव्या जीलिबसीच्या लोकेलडेफ या साधनाने यूटीएफ-८ चे मराठी लोकेल नव्या फोल्डरमध्ये तयार केल्यावर नावे पुन्हा नीट छापली जाऊ लागली. यंत्रणेतल्या जुन्या लोकेल फाइली उचलून तेथे ठेवू नयेत, कारण त्यांचा साचा आवृत्तीनुसार बदलू शकतो.

एवढे सगळे करण्याआधी एक प्रश्न स्वतःला जरूर विचारावा: प्रोग्राम बांधणाऱ्याला तो जुन्या लायब्ररीवर बांधून देता येईल का? माझ्या मते हा मार्ग सर्वांत निर्मळ आहे, कारण त्यात ज्याच्याकडे स्रोत आहे तो एकदा कष्ट घेतो आणि पुढच्या प्रत्येक संगणकावरचे कष्ट वाचतात. पायथनच्या जगात हीच शिस्त पाळली जाते. मेनीलिनक्स २०१४ या नावाने बांधलेली पॅकेजे २.१७ पासून पुढच्या कोणत्याही जीलिबसीवर चालतात. झिग या भाषेसोबत येणाऱ्या सी कंपाइलरला तर लक्ष्याच्या नावापुढे जीलिबसीची आवृत्ती लिहून देता येते, मग तो नव्या संगणकावर बसूनही जुन्या खुणांचाच प्रोग्राम तयार करतो.

मसलवर पूर्ण स्टॅटिक बांधणी करणे हा आणखी एक मार्ग. अशा फाइलीला ना लोडर लागतो ना लिबसी, आणि लहान साधनांसाठी ती उत्तम. पण मसलमध्ये थ्रेडचा, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाचा, स्टॅक (त्याची तात्पुरती मेमरी) मुळात १२८ केबी असतो, तर जीलिबसीवर तो सहसा ८ एमबी मिळतो, त्यामुळे खोल रिकर्शन करणारा, म्हणजे ज्यात फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारते असा, प्रोग्राम तेथे अनपेक्षितपणे कोसळू शकतो. जीलिबसीलाच स्टॅटिक बांधणे मात्र दिसते तेवढे सोपे नाही: होस्टचे, म्हणजे नेटवर्कवरच्या संगणकाचे, नाव शोधणारी आणि वापरकर्त्यांची माहिती देणारी फंक्शने तशीही चालताना बाहेरच्या लायब्ररी उघडतात, आणि त्या नेमक्या त्याच आवृत्तीच्या असाव्या लागतात.

कंटेनर म्हणजे लिबसी, लोडर, लोकेल आणि बाकी सर्व फाइलींचा संपूर्ण संच एकत्र देणे. कर्नल तेवढा मूळ संगणकाचा. सर्व्हरवर मी हाच पर्याय निवडतो. जुन्या यंत्रणेवर अगदी नवा संच चढवताना मात्र कंटेनर चालवणारा डॉकरही नवा असावा, कारण २.३४ पासून जीलिबसी थ्रेड तयार करण्यासाठी क्लोन ३ हा सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली मागणी, आधी करून पाहते आणि २०.१०.१० च्या आधीचे डॉकर त्याला चुकीच्या पद्धतीने नकार देत असे. मग थ्रेडच तयार होत नसे.

फाउंड्रीतल्या संगणकावर आम्ही शेवटी पॅचएल्फचा मार्ग घेतला. कंटेनरमधून स्पेक्ट्रोमीटरचे कार्ड उघडणे तेथे त्रासाचे झाले असते, आणि प्रोग्राम देणाऱ्यांनी जुन्या लायब्ररीवर बांधून देण्यास नकार दिला होता. ऑप्टमधल्या एका फोल्डरमध्ये २.२८ ची जोडी, सी++ ची लायब्ररी आणि मराठीचे लोकेल आहे. तो प्रोग्राम तेवढा ती वापरतो, बाकीचा संगणक २.१७ वर आहे तसा आहे.

या व्यवस्थेची खरी किंमत नंतर द्यावी लागते आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. यंत्रणेच्या लायब्ररीतल्या सुरक्षेच्या चुका डिस्ट्रिब्यूशनवाले, म्हणजे उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्स यंत्रणा देणारे, दुरुस्त करून पाठवत असतात. हाताने बसवलेल्या प्रतीची दुरुस्ती कोणी पाठवत नाही. २०१५ च्या जानेवारीत घोस्ट या नावाने गाजलेली चूक होस्टचे नाव शोधणाऱ्या फंक्शनमध्ये होती आणि २.१७ तिच्यात सापडत होती. डिस्ट्रिब्यूशनांनी दुरुस्ती दिली, पण ज्यांनी आपली वेगळी प्रत ठेवली होती त्यांची प्रत तशीच राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लूनी ट्यूनेबल्स नावाची चूक उघड झाली, ती तर थेट लोडरमध्ये, २.३४ पासून आलेली. आमची २.२८ तिच्या कक्षेत येत नाही, हे त्या दिवशी ताबडतोब सांगता आले, कारण त्या फोल्डरमध्ये मी एक साधी मजकुराची फाइल ठेवली आहे: कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला, कोणत्या कंपाइलरने, कोणते पर्याय देऊन बांधली आणि कोणता प्रोग्राम तिच्यावर चालतो. जीलिबसीतली नवी चूक जाहीर झाली की शिरोलीला फोन करण्याआधी मी ती फाइल उघडतो.